गाडीचा सायलेन्सर गंजलाय? आधी भोक शोधा, मग भाव विचारा

बारा-पंधरा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. पावसाळा सरत आला की सकाळी सुरू करताना तिचा आवाज घोगरा होतो, स्पीडब्रेकरवरून उतरताना खालून काहीतरी खडखडतं. मालक गॅरेज गाठतो. मेकॅनिक खाली वाकून पाहतो आणि म्हणतो, "सायलेन्सर गेला, पूर्ण लाइन बदलावी लागेल." हा खर्च एका गॅरेजात तीन हजार सांगितला जातो, दुसऱ्यात तीस हजार. दोन्ही आकडे खरे असू शकतात. इंजिनापासून मागच्या बंपरपर्यंत जाणाऱ्या या पाइपात पाच-सहा वेगवेगळे भाग आहेत आणि त्यांच्या किमतींत दहापटीचा फरक आहे. त्यामुळे फोनवर "सायलेन्सर बदलायचे किती?" असं विचारण्यात अर्थ नाही. नेमकं कुठे गंजलंय हे कळल्याशिवाय कोणताही आकडा ऐकू नये.

गाडी आधी लिफ्टवर किंवा रॅम्पवर घ्यायला सांगा आणि स्वतः खाली उभं राहून बघा. प्रामाणिक मेकॅनिक याला कधीच नाही म्हणत नाही. पुढून मागे हात फिरवत गेलात तर क्रम साधारण असा दिसेल. इंजिनाला चिकटलेला मॅनिफोल्ड, त्यातून खाली उतरणारा पुढचा पाइप, त्यात बहुतेक गाड्यांमध्ये इंजिनाचे हादरे शोषणारा जाळीचा फ्लेक्सिबल तुकडा, मग धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत कॅट. काही गाड्यांत कॅट थेट मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो. त्याच्या मागे मधला पाइप, त्यावर बहुधा एक छोटा डबा, आणि शेवटी मागच्या चाकांजवळ मोठा डबा व टेलपाइप. हे सगळं गाडीच्या तळाला रबरांनी टांगलेलं असतं. जोडांमध्ये पॅकिंग किंवा रिंग असते.

इंजिन थंड असताना पाइपावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, आतून सडलेला बद्द वाजतो आणि पापुद्रे गळतात. गळती नेमकी कुठे आहे हे ऐकायचं असेल, तर थंड गाडी सुरू करून हातमोजा घातलेल्या हाताने जाड कापड टेलपाइपवर काही सेकंद दाबून धरायला सांगा. भोक असेल तिथून फुसफुस येते. हे उघड्यावर करा, बंद गाळ्यात नको. घरच्या जॅकवर गाडी उचलून तिच्याखाली शिरू नका, जॅक सटकतो.

मागचा डबा आधी का जातो

१ लिटर पेट्रोल जळलं की जवळपास १ लिटर पाणी तयार होतं. ते वाफेच्या रूपात पाइपातून जातं. पाइपाचा पुढचा भाग इतका तापतो की तिथे पाणी टिकत नाही. मागचा डबा मात्र इंजिनापासून सर्वांत दूर, म्हणून सर्वांत थंड. वाफ तिथे निवून पाणी होते आणि डब्याच्या तळाशी साचते. धुरातल्या गंधकाच्या व नायट्रोजनच्या संयुगांमुळे ते आम्लधर्मी होतं आणि पत्रा आतून खातं. बाहेरून डबा बरा दिसत असताना एक दिवस शिवणीपाशी फाटतो, त्याचं कारण हेच.

म्हणून कमी चाललेल्या गाडीचा सायलेन्सर आधी सडतो, हे अनेकांना पटत नाही पण खरं आहे. शाळा, भाजी मंडई, स्टेशन अशा दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्यांत मागचा डबा कधी पुरता तापतच नाही, तेव्हा आतलं पाणी वाळणार कसं? सीएनजीवर हा प्रश्न अधिक तीव्र. १ किलो सीएनजी जळला की दोन किलोंहून जास्त पाणी तयार होतं, आणि तेवढ्याच उष्णतेमागे पाण्याचं प्रमाण पेट्रोलपेक्षा अधिक पडतं. घरून निघून जवळच पोचणारी सीएनजी गाडी असेल तर डब्याची तपासणी दरवर्षी करा.

बाहेरून होणारा हल्ला जागेनुसार बदलतो. अलिबाग, रत्नागिरी, मालवण, गोवा किंवा मुंबईत वरळी-वर्सोव्याच्या बाजूला खारी हवा जोडांवर आणि नट-बोल्टांवर बसते. रेतीच्या किनाऱ्यावर गाडी उतरवण्याची हौस असेल तर गंज अधिक वेगाने येतो. सोलापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूरच्या कोरड्या हवेत तीच गाडी त्याच डब्यावर कितीतरी वर्षं जास्त काढते. घाटात आणि मातीच्या रस्त्यावर चिखलाचे लपके पाइपावर सुकून बसतात आणि ओल धरून ठेवतात. पावसाळ्यात गाडी धुताना बहुतेकजण छप्पर चमकवतात, तळावर मात्र पाण्याची एक धारही मारत नाहीत.

या सगळ्याचा ग्राहकाच्या खिशाशी सरळ संबंध आहे. गंज बहुधा मागून सुरू होतो आणि मागचे भागच स्वस्त असतात. महागडा कॅट पुढे, गरम भागात, सहसा त्यामानाने कोरडा असतो. म्हणजे बहुतेक जुन्या गाड्यांचं काम मागच्या डब्यावर, फार तर मधल्या पाइपावर आटोपायला हवं. "पूर्ण लाइन" बदलायची खरी गरज क्वचितच असते. ती सुचवणाऱ्याला पुढच्या पाइपातलं भोक दाखवायला सांगा.

हे काम पुढे ढकलू नये

आवाज सहन होतो, म्हणून लोक महिनोन्‌महिने तसेच फिरतात. इथे मला कळकळीने सांगावंसं वाटतं, की प्रश्न आवाजाचा नाही. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. फुटलेला पाइप बरोबर सीटखाली असेल तर हा वायू गाडीच्या तळातल्या भोकांतून, सडलेल्या रबरी बुचांतून आत येऊ शकतो. ट्रॅफिकमध्ये गाडी उभी, काचा बंद, एसी चालू, मागे मुलं झोपलेली, ही सर्वांत धोक्याची स्थिती. डोकं जड होणं, मळमळ, गरगरणं, विनाकारण झोप येणं ही लक्षणं गाडीत बसल्यावर सुरू होऊन बाहेर उतरल्यावर कमी होत असतील, तर त्याला "गाडी लागणं" समजून सोडून देऊ नका. आत धुराचा वास आला तर काचा उघडा आणि सरळ गॅरेज गाठा. कोणी गुंगीत गेलं तर आधी मोकळ्या हवेत काढा आणि लगेच रुग्णालयात न्या.

पुढच्या बाजूच्या गळतीचा आणखी एक खर्च आहे. कॅटच्या आधी असलेला ऑक्सिजन सेन्सर धुरातला प्राणवायू मोजून इंजिनाला पेट्रोलचं प्रमाण सांगतो. त्याच्या आधी पाइप फुटला तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर फसतो आणि इंजिनात जास्त पेट्रोल सोडलं जातं. मायलेज पडतो, आणि जादा पेट्रोलच्या धुराने कॅटही खराब होऊ लागतो. पाचशे रुपयांच्या पॅकिंगकडे केलेलं दुर्लक्ष पस्तीस हजारांच्या भागावर जातं ते असं.

किती पैसे पडतात

पुढचे आकडे साध्या पेट्रोल हॅचबॅकसाठी आहेत आणि ते चौकशीला आधार म्हणून वापरावेत. गाव, मॉडेल आणि दुकान बदललं की ते वर-खाली होतात. टांगणीचं रबर एक नग ५० ते २०० रुपये. पॅकिंग किंवा रिंग १०० ते ५००. मागचा डबा स्थानिक बनावटीचा १,२०० ते २,५०० रुपयांत मिळतो, कंपनीचा ३,००० ते ६,०००. सेडानसाठी हाच कंपनीचा डबा ५,००० ते १२,००० पर्यंत जातो. मधला पाइप डब्यासह २,००० ते ५,०००. फ्लेक्सिबल तुकडा कापून नवा वेल्ड करून देण्याचे हजार ते अडीच हजार. ऑक्सिजन सेन्सर २,००० ते ६,०००. आणि कॅटसह पुढचा पाइप कंपनीकडून घेतला तर १५,००० ते ५०,०००, मोठ्या गाड्यांना त्याहूनही वर. मागचा डबा बदलण्याची मजुरी नाक्यावरच्या गॅरेजात ३०० ते ७००, अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये ८०० ते १,५०० रुपये.

नमुना म्हणून एक हिशेब धरू. कंपनीचा मागचा डबा ४,२०० रुपये, चार रबरं ४००, रिंग २५०, नट-बोल्ट १५०, मजुरी ६००. एकूण ५,६००. बारा वर्षांच्या हॅचबॅकच्या मालकाने मनात हा आकडा धरून घराबाहेर पडावं.

रबरं आणि रिंग नवीच टाका. पैसे वाचवायला जुनी रबरं परत लावली तर नवा डबा लोंबतो, जोडावर ताण येतो आणि वर्षभरात पुन्हा खडखड सुरू होते.

अंदाजात न धरलेला खर्च जवळजवळ नेहमी गंजलेल्या बोल्टांचा असतो. जुन्या गाडीच्या मॅनिफोल्डचे स्टड सोडवताना तुटतात, मग ड्रिल मारून ते काढावे लागतात आणि आटे पुन्हा पाडावे लागतात. एका स्टडमागे ३०० ते १,००० रुपये सहज जातात. त्यात मेकॅनिकची चूक असेलच असं नाही. पण आदल्या रात्री बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं तर तुटण्याचं प्रमाण बरंच कमी होतं, म्हणून गाडी संध्याकाळी सोडून सकाळी काम करायला सांगणं शहाणपणाचं.

करांबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पाकिटावर छापलेल्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. त्यावर आणखी १८ टक्के जीएसटी लावून बिल केलं तर ते चूक आहे. मजुरीवर मात्र जीएसटी नोंदणी असलेलं गॅरेज १८ टक्के लावू शकतं, आणि तेव्हा बिलावर जीएसटी क्रमांक असलाच पाहिजे.

ठिगळ की नवा डबा

भोक रुपयाएवढं आहे, आजूबाजूचा पत्रा जाड आणि खणखणीत आहे, जागा पाइपावर आहे, डब्यावर नाही: अशा वेळी वेल्डिंगचं ठिगळ उत्तम. २०० ते ८०० रुपयांत काम होतं आणि वर्ष-दोन वर्षं निघतात. डबाच आतून सडला असेल तर ठिगळाला काही अर्थ नाही, वेल्डिंगच्या उष्णतेनेच शेजारचा पातळ पत्रा जळून नवं भोक पडतं. एकदा ठिगळ, सहा महिन्यांनी दुसरं, मग तिसरं, असं करत लोक नव्या डब्याची किंमत वेल्डरला देऊन बसतात. माझा निकष सोपा आहे: डब्यावर दुसरं ठिगळ कधीच नाही. लांबच्या प्रवासात पाइप फुटला तर सायलेन्सरची पुट्टी किंवा उष्णता सोसणारी पट्टी गुंडाळून घरी पोचता येतं, तेवढाच त्यांचा उपयोग.

वेल्डिंग करताना बॅटरीची निगेटिव्ह केबल काढलीच पाहिजे, नाहीतर इंजिनाचा संगणक जळू शकतो. मागचा डबा पेट्रोलच्या टाकीजवळ असतो, सीएनजी गाडीत सिलिंडरही वरच असतो. तिथे आग न लावता डबा खाली उतरवून वेल्डिंग करायला सांगा. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे डब्याच्या तळाशी कंपनीने मुद्दाम ठेवलेलं छोटं भोक. ते साचलेलं पाणी गळून जाण्यासाठी असतं. उत्साही वेल्डर ते गंजाचं भोक समजून बुजवतो आणि डब्याचं आयुष्य निम्मं करतो.

पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाऊसच्या परिसरात, कोल्हापूरला उद्यमनगरात पाइप वाकवून, डबा बनवून देणारे किंवा स्थानिक माल विकणारे भेटतात. त्यांतले काही फार चांगलं काम करतात. जुन्या, बंद पडलेल्या मॉडेलसाठी तर तोच एक मार्ग उरतो. तिथे पत्र्याची जाडी विचारा: १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, १६ गेज म्हणजे १.६. १८ गेजहून पातळ पत्रा घेऊ नका. पाण्याच्या नळाचा जीआय पाइप जोडू देऊ नका. त्यावरच्या जस्ताचा धूर वेल्डिंग करणाऱ्याच्या फुप्फुसांना घातक असतो आणि तो लेप जळाला की खालचं लोखंड उघडं पडतं. "स्टेनलेस आहे" असं सांगून जास्त पैसे मागितले तर लोहचुंबक लावून बघा. ३०४ प्रतीचं स्टेनलेस चुंबकाला जवळजवळ धरत नाही. ४०९ प्रतीचं धरतं. गाड्यांच्या कंपन्या ते सर्रास वापरतात आणि ते वाईट नाही, फक्त त्यावर तपकिरी झाक येते. पण ३०४ चे पैसे देऊन ४०९ घेऊ नये. गाडी आणखी दोन-तीन वर्षंच ठेवायची असेल तर ३०४ ची गरजही नाही.

मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारातल्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. दरवाजा, आरसा, दिवा घ्यायला ती जागा छान. मागचा डबा तिथून घेऊ नका, कारण तोही तुमच्या डब्याइतकाच जुना आणि आतून तितकाच ओला असतो.

कॅटला हात लावण्याआधी

सर्वांत मोठे पैसे इथे जातात आणि सर्वांत मोठी फसवणूकही इथेच होते. कॅटच्या आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ थर असतो. याच धातूंसाठी गुजरातेत आणि महाराष्ट्रात मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला गेल्याच्या बातम्या आल्या होत्या. तुमच्या बाद झालेल्या कॅटलाही भंगारात किंमत आहे. काही गॅरेजवाले "कॅट जाम झालाय, काढून सरळ पाइप टाकतो, गाडी पळेल" असं सांगतात, पाइपाचे पैसे घेतात आणि कॅट ठेवून घेतात. ग्राहक दोन्हीकडून लुटला जातो.

कॅट काढणं बेकायदा आहे. धूर विषारी होतो, पीयूसीत गाडी अडकते. बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या अनेक गाड्यांत कॅटच्या मागे दुसरा सेन्सर असतो, त्यामुळे चेक इंजिनचा दिवा कायमचा पेटतो. म्हणून कॅट गेला असं कोणी म्हटलं तर पुरावा मागा: स्कॅनरवर आलेला कोड, जाळी फुटल्याचा खुळखुळाट किंवा धुराचा अडथळा मोजल्याचा आकडा. नुसता वरचा संरक्षक पत्रा गंजून खडखडत असेल तर क्लॅम्प लावून काम भागतं. शंभर-दोनशे रुपयांचा मामला असतो तो.

कॅट खरोखर बदलावा लागला तर तो गाडीच्या मानकाचाच असावा. मुंबई, पुणे आणि सोलापूर या शहरांत बीएस-४ एप्रिल २०१० पासून आलं, देशभर सक्तीचं झालं ते एप्रिल २०१७ ला. त्यामुळे २०१२ ची एकाच मॉडेलची मुंबईतली गाडी बीएस-४ आणि रत्नागिरीतली बीएस-३ असू शकते. चासी क्रमांक देऊनच भाग मागवा. जुना कॅट मागून घ्या, किंवा त्याची भंगार किंमत बिलातून वजा करून घ्या. अगदी स्वस्तातले कॅट मात्र टाळा. त्यांच्यावर धातूचा थर इतका कमी असतो की ते लवकर निकामी होतात.

विमा, पीयूसी, नोंदणी

गंजामुळे झालेलं नुकसान मोटार विम्यात बसत नाही, ती झीज मानली जाते. दगडावर किंवा स्पीडब्रेकरवर आपटून डबा फाटला तर दावा करता येतो, पण करावा का? वरच्या ५,६०० च्या हिशेबातले सुटे भाग ५,००० चे. दहा वर्षांवरच्या गाडीला भागांवर ५० टक्के घसारा, म्हणजे २,५०० मिळणार. त्यात मजुरी ६०० मिळवा आणि १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीची सक्तीची १,००० रुपयांची वजावट काढा. हाती २,१०० येतात आणि नो क्लेम बोनस जातो. मी हा दावा करणार नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२० व्या नियमानुसार प्रत्येक गाडीला सायलेन्सर हवाच. आवाजाच्या आणि धुराच्या मर्यादा मोडल्या तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पीयूसीत बीएस-४ पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम आहे. १५ वर्षं पुरी होत आलेली गाडी असेल तर सायलेन्सरचं काम नोंदणी नूतनीकरणाच्या आधी करून घ्या, आरटीओच्या तपासणीत फुटका डबा चालत नाही.

काम सांगताना कोणते भाग बदलणार, कंपनीचे की स्थानिक, मजुरी किती, हे कागदावर किंवा व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. गाडी ताब्यात घेताना जुना डबा डिकीत ठेवायला सांगा. पक्कं बिल आणि वॉरंटी घ्या. न केलेल्या कामाचे पैसे लावले आणि बोलून सुटलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.

नवा डबा बसवल्यावर पहिल्या दिवशी तेलाचा थोडा धूर आणि वास येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही तो राहिला तर परत दाखवा. चार-पाचशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळून घ्या, तापून थंड होण्यात ते सैल पडतात. गाडीच्या तळाला डांबरी कोटिंग करून घेत असाल तर ते पाइपावर उडू देऊ नका, तापल्यावर जळतं आणि घाण वास सुटतो. पाइपाला रंग द्यायचाच तर ६०० अंश सोसणारा चंदेरी रंग मिळतो. आणि पंधरवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा-पाऊण तास सलग मोकळ्या रस्त्यावर न्या, म्हणजे डब्यातलं पाणी वाळेल.